मोहाचा हंगाम (चंद्रपूर व गडचिरोली)

मोहाचा हंगाम म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत मार्च-एप्रिलमध्ये येणारा, मोहाची फुले वेचण्याचा काळ होय. या काळात पहाटे झाडाखाली गळून पडलेली रसाळ फुले गोळा करून वाळवली जातात. ती अन्न म्हणून खाल्ली जातात, बाजारात विकली जातात आणि त्यांपासून मद्यही गाळले जाते. गोंड, माडिया, परधान, कोलाम, हलबा इत्यादी आदिवासी समाज, तसेच जंगलालगतच्या गावांतील बिगर-आदिवासी शेतकरी व मजूर कुटुंबे या वेचणीत सहभागी होतात. युरोपातील द्राक्षप्रदेशांत द्राक्षतोडणीच्या हंगामाला जे स्थान आहे, त्याच्याशी मोहाच्या हंगामाची तुलना होऊ शकते. मात्र तेथील मद्य प्रदेशाचे भूषण ठरले, तर येथील मद्य दीर्घकाळ गुन्ह्याच्या कक्षेत राहिले. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ या काळात होती.

नाव

मराठीत झाडाला मोह किंवा मोहा आणि फुलाला मोहफूल म्हणतात. संस्कृतातील 'मधूक' या शब्दाशी ही नावे संबंधित आहेत. हिंदीत 'महुआ' हे नाव रूढ आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील सिरोंचा भागात तेलुगू भाषेच्या प्रभावामुळे 'इप्पा' हे नावही ऐकू येते. फळाला व बीला टोळ, टोळी किंवा मोहटी अशी नावे आहेत. वनस्पतिशास्त्रात हे झाड 'मधुका लाँगिफोलिया' या जातीत मोडते. त्याचे कूळ 'सॅपोटेसी', म्हणजे चिकूचेच कूळ आहे.

झाड आणि फूल

मोह हा मध्यम ते मोठ्या आकाराचा, पसरट माथ्याचा पानझडी वृक्ष आहे. तो कोरड्या, मुरमाड जमिनीतही वाढतो. दाट जंगलाप्रमाणेच शेताच्या बांधावर, गावाच्या शिवेवर आणि वस्तीच्या कडेलाही तो आढळतो. शेतीसाठी जंगल साफ करतानाही मोहाची झाडे राखून ठेवण्याची प्रथा जुनी आहे. त्यामुळे धानाच्या बांध्यांमधून उभे असलेले जुने मोहवृक्ष हे या दोन्ही जिल्ह्यांतील ओळखीचे दृश्य आहे.

शिशिराच्या अखेरीस झाडाची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी लवदार कळ्यांचे झुबके येतात. फुले रात्री उमलतात. फुलाचा पाकळ्यांचा भाग जाड, मांसल, पिवळसर पांढरा आणि गोड असून त्याला उग्र सुगंध येतो. पहाटेपूर्वी हा भाग देठापासून सुटून खाली पडू लागतो आणि सकाळपर्यंत सडा पडत राहतो. फळधारणा करणारा भाग फांदीवरच राहतो. त्यामुळे फुले वेचल्याने फळांचे नुकसान होत नाही. एकाच झाडापासून आधी फुले आणि दोन-अडीच महिन्यांनी टोळ अशी दोन उत्पन्ने मिळण्याचे कारण हेच आहे.

वाळलेल्या मोहफुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. हीच शर्करा फुलाला अन्नमूल्य देते आणि तीच आंबवल्यावर मद्य तयार होते. बीमध्ये तेलाचे प्रमाण भरपूर असते. हे तेल थंडीत थिजते. त्याचा उपयोग स्वयंपाकासाठी, दिव्यासाठी, अंगाला लावण्यासाठी आणि साबण तयार करण्यासाठी होतो. तेल काढल्यावर उरलेली पेंड खत म्हणून वापरतात.

वर्षचक्रातील स्थान

या प्रदेशात धान हे मुख्य पीक असून ते बहुतांशी पावसावर अवलंबून असते. कापणी व मळणी आटोपल्यावर हिवाळ्याच्या अखेरीस शेतात फारसे काम उरत नाही आणि अनेक घरांतील धान्याचा साठाही कमी होऊ लागतो. नेमक्या याच वेळी मोह फुलतो. मोहानंतर एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्त्याची तोडणी, जूनच्या सुमारास टोळवेचणी आणि मग धानाची पेरणी व रोवणी असा क्रम असतो. उन्हाळ्यातील रोख उत्पन्नाचा मोठा भाग मोह आणि तेंदूपत्ता या दोन वनोपजांतून येतो. मोह भरघोस फुलला की वर्ष सुसह्य होते. ढगाळ हवा, अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की कळ्या गळतात, पडलेली फुले कुजतात आणि त्याचा फटका थेट घरखर्चाला बसतो.

वेचणीचा दिवस

वेचणीचा दिवस झुंजुमुंजु होण्याआधीच सुरू होतो. टोपल्या, पाण्याचे भांडे आणि शिदोरी घेऊन कुटुंबे आपापल्या झाडांकडे निघतात. वेचणीत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. मुले व वृद्धही सोबत असतात. गावच्या शिवारातील कोणते झाड कोणत्या घराने वेचायचे, याचे संकेत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात आणि ते सहसा पाळले जातात. दूरच्या जंगलातील झाडांवर कुटुंबे हंगामापुरती राखण करतात. काही ठिकाणी झाडाजवळच तात्पुरता मांडव घालून मुक्काम केला जातो.

फुले एकेक करून हाताने उचलावी लागतात. सकाळचे ऊन तापण्यापूर्वी बहुतेक काम उरकले जाते, कारण उशीर झाला तर फुले उन्हाने मऊ पडतात, मातीला चिकटतात किंवा गुरे व वन्यप्राणी ती खाऊन टाकतात. ओणव्याने किंवा उकिडवे बसून तासन्‌तास चालणारे हे काम कष्टाचे आहे. तरीही त्यात सामूहिक सुखाचा भाग मोठा आहे. एकमेकांच्या झाडाखाली गप्पा होतात, नव्या फुलाची चव घेतली जाते, माहेरी आलेल्या मुली वेचणीला जातात. टोपल्या भरल्यावर सावलीत शिदोरी सोडली जाते. दुपारी तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते, तेव्हा गावात सामसूम असते. संध्याकाळी अंगणात पसरलेल्या फुलांचा वास गावभर दरवळतो. वर्षातील सर्वांत कष्टाच्या महिन्यांपैकी एक आणि सर्वांत मोकळ्या महिन्यांपैकी एक, अशी या काळाची दुहेरी ओळख आहे.

वाळवण, साठवण आणि बाजार

वेचलेली फुले अंगणात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा खडकावर पसरून काही दिवस वाळवतात. वाळताना फुलाचा रंग तांबूस तपकिरी होतो. नीट वाळलेले फूल बांबूच्या ढोलीत किंवा पोत्यात भरून ठेवले तर पुढचा हंगाम येईपर्यंत टिकू शकते. मात्र ते हवेतील ओलावा चटकन शोषून घेते. पावसाळ्यात दमट झालेली फुले काळी पडतात, त्यांना बुरशी येते आणि त्यांचा भाव कोसळतो.

साठवणीची सोय नसणे हे संकलकांच्या कमकुवत सौदाशक्तीचे प्रमुख कारण मानले जाते. हंगामात सर्वत्र माल उपलब्ध असल्याने भाव पडलेला असतो. रोख पैशाची निकड असलेली कुटुंबे त्याच वेळी आठवडी बाजारात किंवा फिरत्या व्यापाऱ्याला फुले विकतात. पावसाळ्यात आणि सणासुदीला तीच फुले चढ्या भावाने पुन्हा गावात विकली जातात. पूर्वी मीठ व इतर किराणा मालाच्या बदल्यात फुले देण्याचीही पद्धत होती. केंद्र सरकारच्या गौण वनोपजांसाठीच्या किमान आधारभूत किंमत योजनेत वाळलेल्या मोहफुलांचा समावेश असून मे २०२० मध्ये त्यांची किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये करण्यात आली. प्रत्यक्षात मिळणारा भाव खरेदीची व्यवस्था गावापर्यंत पोहोचते की नाही, यावर अवलंबून राहतो.

अन्न म्हणून उपयोग

मोहफुलांची चर्चा बहुधा मद्याच्या अंगाने होत असली, तरी ते मुळात अन्न आहे. ताजी फुले तशीच किंवा उकडून खातात. वाळलेली फुले भाजून, कुटून, तीळ किंवा जवसाबरोबर त्यांचे लाडू करतात. भिजवलेली फुले वाटून पिठात मिसळली की भाकरीला गोडी येते आणि पीठही पुरते. अनेक घरांत साखर किंवा गूळ विकत घेण्याची ऐपत नसताना गोडाची गरज मोहानेच भागवली आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य भारतातील जंगलालगतच्या लोकांना तगवणाऱ्या रानअन्नांमध्ये मोहफुलांचे स्थान महत्त्वाचे होते. अलीकडच्या काळात महिला बचत गट मोहफुलांपासून लाडू, सरबत, जॅम यांसारखे पदार्थ तयार करून विकू लागले आहेत. जमिनीवर पडलेल्या फुलांना माती लागते. त्यामुळे खाद्यपदार्थांसाठी झाडाखाली जाळी बांधून स्वच्छ फुले झेलण्याची पद्धतही रुजू लागली आहे.

मद्यनिर्मिती

मोहाचे मद्य दोन टप्प्यांत तयार होते. प्रथम वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबू देतात. या आंबलेल्या मिश्रणाला स्थानिक बोलीत 'सडवा' म्हणतात. थंडीत आंबण्यास अधिक दिवस लागतात, उन्हाळ्यात कमी. नंतर सडवा मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात घालून चुलीवर तापवतात. त्यावर दुसरे भांडे बसवून सांधे ओल्या मातीने लिंपतात. वाफेला थंड पाण्याने गार करून तिचे द्रवरूप नळीवाटे बाहेर काढले जाते. सुरुवातीला येणारे द्रव्य अधिक तीव्र असते. त्यावरूनच 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला आहे.

द्राक्षाची वाइन केवळ आंबवलेली असते, तर मोहाचे मद्य आंबवून मग ऊर्ध्वपातित केलेले असते. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते वाइनपेक्षा ब्रँडीच्या अधिक जवळचे आहे. घरगुती वापरासाठी पारंपरिक रीतीने गाळलेले मद्य आणि विक्रीसाठी चोरून चालवलेल्या हातभट्टीचे मद्य यांतही फरक करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात उत्पादन झटपट व जास्त व्हावे म्हणून गूळ, नवसागर इत्यादी पदार्थ मिसळले जातात आणि त्यातून आरोग्याचा धोका वाढतो.

सण व विधी

गोंड व माडिया समाजात नवे वनोपज किंवा नवे धान्य खाण्याआधी ते देवांना व पूर्वजांना अर्पण करण्याची प्रथा आहे. अशा सणांना 'पंडुम' म्हणतात. मोहाचे पहिले फूलही याच भावनेने हाताळले जाते. जन्म, लग्न, मृत्यू आणि गावदेवाच्या पूजेच्या प्रसंगी मोहाच्या मद्याचे काही थेंब जमिनीवर सोडून पूर्वजांचे स्मरण करतात. लग्नाच्या मांडवात मोहाच्या फांदीला मान असतो. तंटा मिटल्यावर किंवा सोयरीक ठरल्यावर एकत्र मद्य घेणे ही संमतीची खूण मानली जाते. मोहाचे झाड तोडणे अनेक गावांत निषिद्ध समजले जाते.

कायद्याचा इतिहास

ब्रिटिश काळात मद्यावरील अबकारी कर हे महसुलाचे मोठे साधन बनले. घरोघरी गाळले जाणारे मोहाचे मद्य या महसुलाच्या आड येत होते. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर सरकारी नियंत्रण घट्ट केले. १८९२ च्या मोहफूलविषयक कायद्याने त्यापुढे जाऊन फुलांच्या संकलनावर व साठ्यावरच बंधने आणण्याची तरतूद केली. हे फूल गरिबांचे अन्न आहे, हा मुद्दा त्या काळीही मांडला गेला होता. तेव्हाचा चांदा जिल्हा, ज्यात आजचा गडचिरोली जिल्हाही समाविष्ट होता, मध्य प्रांतात होता. तेथे भट्ट्यांचे मक्ते लिलावाने देण्याची पद्धत होती आणि नंतर मद्यनिर्मिती मोठ्या केंद्रीय भट्ट्यांकडे वळवण्यात आली. दोन्ही व्यवस्थांचा परिणाम सारखाच झाला. लोकांनी स्वतः गाळलेले मद्य बेकायदा ठरले आणि त्यांनी मक्तेदाराकडून विकत घेतलेले मद्य कायदेशीर ठरले.

मद्याला विरोधही आदिवासी समाजांतूनच अनेकदा उभा राहिला. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातमध्ये पसरलेल्या देवी चळवळीत आदिवासींनी मोठ्या संख्येने मद्यत्याग केला. मद्यविक्रेत्यांच्या आर्थिक पकडीतून सुटका, हाही त्या चळवळीचा एक हेतू होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भही त्याच्या कक्षेत आला. विनापरवाना मद्य गाळणे या कायद्याने गुन्हा आहे. मोहफुले बाळगणे, त्यांची वाहतूक व विक्री यांवरही परवान्याची बंधने होती. त्यामुळे एकीकडे वनोपज म्हणून वेचण्यास मुभा असलेले फूल पोत्यात भरून बाजारात नेताना संशयास्पद वस्तू ठरत असे. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलांच्या संकलन, साठवण व वाहतुकीवरील निर्बंध दूर करण्याचा निर्णय घेतला. मद्य गाळण्यावरील बंदी मात्र त्यामुळे बदलली नाही.

दारूबंदीची चळवळ

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस येथे दारूविरोधी लोकचळवळ सुरू झाली. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेली 'सर्च' ही संस्था, इतर कार्यकर्ते आणि गावोगावच्या स्त्रिया या चळवळीत होत्या. घरातील मारहाण, कमाईची उधळण, कर्ज आणि आजार हे स्त्रियांच्या तक्रारींचे विषय होते. १९९३ मध्ये सरकारने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. पुढे व्यसनमुक्तीसाठी 'मुक्तिपथ' हा जिल्हाव्यापी उपक्रमही सुरू झाला.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातही बंदीची मागणी वाढली. 'श्रमिक एल्गार' या संघटनेच्या पुढाकाराने २०१० मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बंदीच्या काळात अवैध विक्री व गुन्हेगारी वाढल्याचे कारण देऊन मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदीच्या समर्थकांनी या निर्णयाला विरोध केला. अंमलबजावणीतील अपयश हे कायदा रद्द करण्याचे कारण होऊ शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या वादात मोहाच्या मद्याचे स्थान गुंतागुंतीचे आहे. बंदी झाली तेव्हा परवानाधारक दुकाने बंद झाली, पण मोहाची झाडे आणि मद्य गाळण्याचे ज्ञान गावातच राहिले. काहींच्या मते विधी व घरगुती वापरापुरत्या पारंपरिक मद्याला मुभा असावी. इतरांच्या मते अशी मुभा व्यापारी हातभट्टीला आडोसा देते आणि तिची किंमत पुन्हा स्त्रियांनाच मोजावी लागते. २०२३-२४ च्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यात मोहफुलांपासून मद्य तयार करण्याच्या कारखान्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा हा वाद नव्याने उफाळला. समर्थकांनी संकलकांना चांगला भाव आणि रोजगार मिळेल असे म्हटले. विरोधकांनी दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातच मद्यनिर्मिती करणे विसंगत असल्याचे निदर्शनास आणले.

वनहक्क आणि ग्रामसभा

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी आणि मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रण असे दोन्ही अधिकार देण्याची तरतूद केली. मोहफूल या दोन्ही अधिकारांच्या संगमावर येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांमध्ये त्याची गणना होते. सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात दारूचा प्रश्नही बाहेरच्या आदेशाने नव्हे, तर गावसभेतील चर्चेतून हाताळण्यात आला. या उदाहरणामुळे मोहाविषयीचे नियम गावाने ठरवावेत की सरकारने, हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक राहिलेला नाही.

युरोपातील द्राक्षप्रदेशांशी तुलना

फ्रान्स, इटली, स्पेन, जर्मनी इत्यादी देशांत द्राक्षमळ्यांचा प्रदेश हे सुट्टी घालवण्याचे लोकप्रिय ठिकाण आहे. सकाळी मळ्यातून फेरफटका, तळघरातील लाकडी पिंपांची पाहणी, दुपारी गावच्या पाव-चीजसोबत दीर्घ जेवण आणि संध्याकाळी निरनिराळ्या वाइनची चव, असा तेथील निवांत दिवसाचा साधारण क्रम असतो. या निवांतपणामागे मोठी संस्थात्मक उभारणी आहे. फ्रान्सने १९३५ मध्ये मद्याचे नाव विशिष्ट प्रदेशाशी व पद्धतीशी बांधणारी कायदेशीर व्यवस्था उभी केली. जर्मनीतील 'वाइनमार्ग' १९३५ मध्ये आणि फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील असाच मार्ग १९५३ मध्ये पर्यटकांसाठी सुरू झाला. सेंट-एमिलियाँ (१९९९) आणि बर्गंडीचे द्राक्षमळे (२०१५) युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

मोह आणि फ्रान्स यांचा एक विस्मृत संबंधही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. त्या काळात मद्यार्क काढण्यासाठी भारतातून वाळलेली मोहफुले फ्रान्सला निर्यात होत असत. भारतात ज्या फुलावर बंधने येत होती, तेच फूल फ्रान्समध्ये उद्योगाचा कच्चा माल ठरले होते.

महाराष्ट्रातच द्राक्षाला वेगळी वागणूक मिळाली. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले आणि नाशिक परिसर वाइन पर्यटनासाठी नावारूपाला आला. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि पुढे गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. मोहाच्या बाबतीत मध्य प्रदेशाने वारसा मद्याचे धोरण स्वीकारले आहे. हंगाम, जमीन, कौशल्य आणि सामूहिक स्मृती हे घटक मोहातही द्राक्षाइतकेच आहेत. फरक आहे तो मालकीचा. द्राक्षमळा हा लागवडीखालील खासगी जमिनीचा भाग असतो, तर मोह जंगलात व बांधावर आपोआप वाढतो आणि त्याचे संकलक बहुधा भूमिहीन किंवा अल्पभूधारक असतात. म्हणून मोहाच्या मद्याला प्रतिष्ठा मिळाली, तरी तिचा लाभ झाडाखाली वाकणाऱ्या हातांपर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न उरतो.

पर्यटन

मोहाच्या हंगामात चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा येथे व्याघ्रदर्शनासाठी पर्यटकांची गर्दी असते, कारण पानगळीमुळे व पाणवठे आटल्यामुळे प्राणी दिसण्याची शक्यता वाढते. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये स्थापन झाले असून ते महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यानाभोवतालच्या गावांतून जाताना पहाटे मोह वेचणारी कुटुंबे आणि अंगणातील वाळवण सहज दिसते. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा येथील मंदिरसमूह, आलापल्लीजवळील 'वनवैभव' हा जुन्या सागवृक्षांचा जैवविविधता वारसा परिसर, हेमलकसा येथील १९७३ मध्ये सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प आणि भामरागड येथील पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती या नद्यांचा संगम ही ठिकाणे या काळात पाहता येतात.

द्राक्षप्रदेशातील पर्यटकाप्रमाणे येथील पाहुण्याला मद्याची चव घेता येत नाही. गडचिरोलीत ते बेकायदा आहे आणि चंद्रपुरातही विनापरवाना गाळलेले मद्य कायद्याबाहेरचेच आहे. मोहाचे लाडू, सरबत आणि भाकरी मात्र कोणत्याही बंधनाशिवाय चाखता येतात. वेचणी पाहताना कुटुंबाची परवानगी घेणे, फुलांवर पाय न देणे आणि विधीचे छायाचित्रण न विचारता न करणे अपेक्षित असते.

पर्यावरण व धोके

मोहाच्या रसाळ फुलांकडे वटवाघळे आकर्षित होतात आणि परागीभवनास मदत करतात. अस्वल, चितळ, माकडे आणि अनेक पक्षी फुले खातात. अस्वलाला मोहफूल विशेष प्रिय असल्याने पहाटेच्या अंधारात त्याच्याशी सामना होण्याचा धोका असतो. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची संख्या मोठी आहे. वाकून किंवा बसून फुले वेचणाऱ्या माणसावर वाघाने हल्ला केल्याच्या घटना या हंगामात घडतात. त्यामुळे एकट्याने न जाता गटाने जाणे आणि उजाडल्यावरच जंगलात शिरणे, अशा सूचना वनविभाग देत असतो.

फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची सवय हे उन्हाळी वणव्यांचे एक कारण आहे. अशा आगीत मोहाची कोवळी रोपेही नष्ट होतात. फुले वेचली जातात, टोळही वेचले जातात आणि उगवलेली रोपे चराईत किंवा आगीत जातात. त्यामुळे अनेक शिवारांत जुनी झाडे आहेत, पण तरुण झाडे विरळ आहेत. मोहाचे रोप फुलण्यास अनेक वर्षे लागत असल्याने ही तूट लगेच जाणवत नाही. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून काढणे, जाळी वापरणे, काही टोळ झाडाखाली राहू देणे आणि सामूहिक वनहक्क क्षेत्रांत मोहाची लागवड करणे हे त्यावरील उपाय आहेत.

हे सुद्धा पहा

मोह (वृक्ष)
तेंदूपत्ता
गोंड
माडिया
मेंढा (लेखा)
ताडोबा राष्ट्रीय उद्यान
दारूबंदी
फेणी